हिडकलच्या पाण्यात दहा महिने: आमच्या विभागाची संशोधन बोट

गेल्या जुलैत ही बोट ट्रेलरवरून आंबोली घाट चढून आजरा, गडहिंग्लज करत संकेश्वरात आली, तेव्हा रस्त्याकडेची माणसं थांबून बघत होती. पुराच्या दिवसांत गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडलेली माणसं आमच्या भागात अजून आहेत. त्यांनाही दोन पोटांची बोट नवीनच. तेव्हापासून एप्रिलअखेरपर्यंत दर पंधरवड्याला मी ती घटप्रभा नदीवरच्या हिडकल धरणाच्या जलाशयात वापरली. धरणाच्या पाण्यावर काम करणाऱ्या एखाद्या कॉलेजला अशी बोट घ्यायची असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितेय.

बोट फायबरची, ६ मीटर लांब, कॅटमरान म्हणजे दोन पोटांच्या पद्धतीची. मागे ४० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन. स्थिरपणाला पैकीच्या पैकी गुण. चौघं एकाच कडेला येऊन वाकली तरी ती जेमतेम कलते. पाण्यात बुडते कमी, त्यामुळे काठाजवळच्या उथळ भागातही नेता येते. वरचं कापडी छत मात्र श्रावणातल्या वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि बोट जागेवर राहत नाही. ते आम्ही दुसऱ्याच फेरीत काढून ठेवलं.

खरी अडचण निघाली कडेची. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ८० मीटरच्या ‘सिंधू साधना’सारख्या जहाजावर जड उपकरणं यंत्राने उतरतात आणि यंत्रानेच वर येतात. आमच्याकडे वजन उचलायची एक छोटी यारी, दोरी गुंडाळायला हाताने फिरवायचा विंच आणि दोन माणसांचे दंड. तळाचा गाळ उचलणारा ग्रॅब वर आला की भिजल्या गोणीएवढा जड लागतो. आमच्या बोटीची कड मांडीपर्यंत उंच. ग्रॅब कडेवर आपटायचा, जबडा किलकिला व्हायचा आणि वरचा मऊ थर पाण्यात परत जायचा. आम्हाला नेमका तोच थर हवा असायचा! पहिल्या महिन्यात आठातले पाच नमुने असे वाया गेले. आमच्याबरोबर येणारे मामा जन्मभर याच पाण्यावर मासेमारी करत आलेत. एकदा बघून ते म्हणाले, “मॅडम, ही बोट बसायला केल्या, वडायला न्हवं.” मग उजव्या कडेला हातभर रुंदीचं फाटक कापून घेतलं, खाली रबर लावलं आणि यारीचा हात वीतभर लांबवला. त्यानंतर एकही नमुना सांडला नाही. बोटीचा आराखडा बघताना मी आता आधी एवढंच विचारते, की उपकरण पाण्यात जातं कुठून आणि आत येतं कुठून.

दुसरी गोष्ट नांगराची. बोटीबरोबर एकच नांगर मिळाला. वारा सुटला की बोट त्याच्याभोवती फिरते आणि पाण्याचा नमुना घ्यायच्या बाटलीची दोरी तिरकी होते. दोरी ३० अंशांनी तिरकी झाली तर २० मीटर सोडूनही बाटली सव्वासतरा-साडेसतरा मीटरवरच असते. उन्हाळ्यात वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी वेगवेगळं राहतं, खालच्या थरातला ऑक्सिजन घटत जातो, आणि दोन-तीन मीटरच्या चुकीने सगळा निष्कर्ष बदलतो. पुढे एक, मागे एक असे दोन नांगर हवेतच.

बोट समुद्रासाठी बांधलेली, हे तिच्या बारीकसारीक वस्तूंत दिसत राहतं. खोली मोजणारा इको साउंडर खाऱ्या पाण्यावर लावलेला होता. २५ अंश तापमानाला गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४९७ मीटर जातो, समुद्रात सुमारे १५३४. त्यामुळे २० मीटर खोली आम्हाला साडेवीस दिसायची. वजन बांधलेली दोरी सोडून पडताळल्यावर हे कळलं. सेटिंग बदलायला दोन मिनिटं लागली, पण तोवरचे आकडे सगळे पुन्हा काढावे लागले. इंजिनाच्या पायाला स्वतः झिजून गंजापासून वाचवणारा जस्ताचा तुकडा होता. गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि ते काम करेनासं होतं. डिसेंबरात तुकडा पांढराफटक, जसाच्या तसा, आणि पायाचा रंग मात्र फुगलेला. आता मॅग्नेशियमचा बसवलाय. विक्रेत्याला हिडकलचं पाणी गोडं आहे हे आधीच सांगितलं होतं, तरी हे घडलं याचा राग अजून जात नाही.

बॅटरी दोन ठेवा, एक इंजिनाला, एक उपकरणांना. एकीवरच भागवलं तर इंजिन सुरू करताना साउंडरचा पडदा विझतो.

जलाशय भरला की पातळी २१७५ फुटांवर असते. एप्रिलमध्ये पाणी इतकं मागे सरकतं की हुन्नूरच्या बुडालेल्या विठ्ठल मंदिराकडे जाताना इंजिन अर्धं वर उचलून वल्ह्यांवर यावं लागतं. मार्चमधल्या एका सकाळी तिथे पडद्यावरची तळाची रेघ सपाट चालली होती, ती एकदम पायरीसारखी वर चढली. मी मामांना दाखवली. त्यांनी वल्हं आडवं ठेवलं, हात जोडले आणि बोट हळूच बाजूला घेतली. त्या दिवशी तिथे आम्ही ग्रॅब सोडला नाही.

आता बोट काठावर ताडपत्रीखाली आहे. पाऊस लागायच्या आत फाटकाची कडी बदलायची आहे, आणि दुसऱ्या नांगराची दोरी मीटर-मीटरवर लाल रंगाने खुणा करून घ्यायची आहे.