सेनेगाम्बिया पूल : नदीचा अडसर गेला, सीमेचा तेवढा राहिला

गाम्बियाचा नकाशा पाहिला की या देशातली वाहतूक नेमकी कुठे अडते हे वेगळे सांगावे लागत नाही. अटलांटिक किनाऱ्यापासून आत गेलेली गाम्बिया नदी आणि तिच्या दोन्ही काठांची अरुंद पट्टी एवढाच हा देश, आणि समुद्र सोडला तर बाकी सगळीकडून सेनेगलचा वेढा. त्यामुळे सेनेगलची राजधानी डाकार इथून सेनेगलच्याच दक्षिणेकडील कासामान्स प्रांतात जायचे, तर एक तर हा परका देश आणि त्याची नदी ओलांडावी लागते, नाहीतर पूर्वेकडच्या तांबाकुंडा शहरावरून शेकडो किलोमीटरचा वळसा पडतो. तिसरा मार्ग समुद्राचा; त्या मार्गावर 2002 मध्ये कासामान्समधल्या झिगिनशोर शहरातून डाकारला निघालेले, क्षमतेच्या कितीतरी पट प्रवासी भरलेले ‘ले जोला’ जहाज उलटून अठराशेहून अधिक माणसे बुडाली.

या पार्श्वभूमीवर गाम्बियातल्या फाराफेन्नी गावाजवळचा सेनेगाम्बिया पूल वापरताना त्याचे मोल चटकन पटते. आफ्रिकी विकास बँकेच्या अर्थसाहाय्याने बांधलेला हा 942 मीटर लांबीचा पूल 21 जानेवारी 2019 रोजी खुला झाला, आणि काही महिन्यांनी त्यावरून अवजड मालमोटारीही जाऊ लागल्या. त्याआधी येलितेंडा आणि बांबातेंडा या धक्क्यांवर फेरीबोटीसाठी ट्रकच्या रांगा लागत, नाशवंत माल तिथेच खराब होई आणि चालक गाडीखाली चटई टाकून दिवस काढत. आता टोल भरून गाडी पुलावर चढते, खाली गढूळ पाणी आणि दोन्ही तीरांवर खारफुटीचा हिरवा पट्टा दिसतो न दिसतो तोच पलीकडचा उतार लागतो. रस्त्याचा पृष्ठभाग उत्तम आहे, त्याबद्दल तक्रारीला जागा नाही.

तक्रार आहे ती पुलाच्या अलीकडची आणि पलीकडची. उत्तरेची सीमा ते दक्षिणेच्या सीमेवरचे सेनोबा हे अंतर जेमतेम पंचवीस किलोमीटरचे, पण तेवढ्यात सेनेगलमधून बाहेर पडणे, गाम्बियात शिरणे, गाम्बियातून बाहेर पडणे आणि पुन्हा सेनेगलमध्ये शिरणे असे चार सोपस्कार उरकावे लागतात, शिवाय मधल्या पोलीस नाक्यांवर थांबावे लागते ते वेगळेच. नदीवर वाचलेला वेळ शिक्क्यांच्या रांगेत खर्ची पडतो. शुल्काचा प्रश्नही जुनाच: 2016 मध्ये गाम्बियाने मालमोटारींवरील शुल्क अचानक अनेक पटींनी वाढवले, तेव्हा सेनेगलच्या वाहतूकदारांनी काही महिने सीमाच रोखून धरली होती. म्हणून पुलाला मी पूर्ण गुण देईन आणि त्याच्या दोन्ही टोकांना निम्मे. कासामान्सचा काजू गाम्बियाची राजधानी बांजुल हिच्या बंदरातूनही भारताकडे जात आला आहे, तेव्हा आफ्रिकी कच्चा काजू वापरणाऱ्या आपल्या कोकणातल्या कारखान्यांनीही इथल्या रस्त्यांची खबर ठेवलेली बरी.

गाम्बियाच्या राजधानीला मात्र या पुलाचा थेट उपयोग थोडाच. बांजुल आहे नदीच्या मुखाशी आणि पूल शंभर किलोमीटरहून अधिक आत. त्यामुळे बांजुल ते समोरच्या उत्तर काठावरचे बार्रा या फेरीबोटीची गर्दी होती तशीच आहे: डोक्यावर घमेली घेतलेल्या बायका, मागे सरकत बोटीत चढणारे ट्रक, आणि ‘गेले-गेले’ म्हणवल्या जाणाऱ्या व्हॅनच्या टपावर बांधलेली मेंढरे. आत दूरवर बासे आणि फातोतो येथे 2021 मध्ये आणखी दोन पूल खुले झाले, राजधानीच्या बाजूला बर्टिल हार्डिंग महामार्गही रुंद झाला. मुखाशी मात्र अजून पाण्यावरच भिस्त आहे.

बांजुलहून डाकारला जाणाऱ्याकडे स्वतःचे वाहन नसेल आणि सामान हलके असेल, तर त्याने सकाळीच बार्राची बोट धरावी आणि तिथून सेनेगलच्या हद्दीवरच्या कारांग नाक्याकडे निघावे. मालमोटार किंवा मोठी गाडी असेल, तर दक्षिण काठाने पुलाजवळच्या सोमा गावापर्यंत जाऊन पूल ओलांडणेच शहाणपणाचे, कारण वळसा लांबचा असला तरी किती वाजता पोहोचणार याचा अंदाज तरी बांधता येतो.