डलॉनेगाचं सोन्याचं संग्रहालय: आधी चौकातलं कोर्ट, मग खाण

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या डलॉनेगाला जाणारे बरेच जण थेट खाणीवर सोनं धुवायला पळतात. तसं करू नका. लम्पकिन काउंटीच्या या मुख्य गावात भर चौकात १८३६ची दुमजली विटांची इमारत आहे. काउंटीचं कोर्ट १९६५पर्यंत इथेच भरायचं, आता राज्य सरकारचं संग्रहालय आहे. आत शिरण्याआधी भिंतीशी जाऊन विटा बघा. माती आसपासचीच असल्याने त्यांत सोन्याचे सूक्ष्म अंश आहेत. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत, पण या गावाचं न्यायदान आणि सोनं एकाच भिंतीत आहे, हे तिथेच उमगतं.

संग्रहालयाची खरी श्रीमंती नाण्यांत आहे. गावातली टांकसाळ १८३८ ते १८६१ चालली आणि तिच्या नाण्यांवर 'डी' अक्षर असतं. डेन्व्हरच्या टांकसाळीनेही १९०६पासून तेच अक्षर घेतलं, त्यामुळे आधी साल बघायचं. तीन डॉलरचं नाणं इथे फक्त १८५४ला पाडलं, अवघे १,१२० नग. ठसा पुसट दिसला म्हणजे नाणं झिजलंय असं समजू नका. इथली बरीच नाणी मुळातच हलक्या ठशाची आहेत.

सालं वाचताना एक गोष्ट विसरू नये. गावाचं नाव 'पिवळा' या अर्थाच्या चेरोकी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या शब्दावरून आलंय. १८३२च्या सोडतीत राज्याने चेरोकींची सोन्याची जमीन चाळीस-चाळीस एकरांच्या तुकड्यांत वाटून टाकली. टांकसाळ सुरू झाली त्याच १८३८ साली सैन्य लावून त्यांना पश्चिमेला हाकललं. हे माहीत नसेल तर इथलं सोनं अर्धंच दिसतं.

टांकसाळीची इमारत १८७८ला जळाली. तिच्याच पायावर आज विद्यापीठाची सोनेरी कळसाची इमारत आहे. चौकातून चालत जा.

मग खाण. सोनं धुणं हे झारेकऱ्याच्या, म्हणजे सोनाराकडची धूळ धुऊन सोनं शोधणाऱ्याच्या सबुरीचं काम. पॅनमध्ये रेती घेऊन ती पाण्यात पूर्ण बुडवा आणि आधी आडवी हलवत राहा. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड, रेती जेमतेम अडीचपट, म्हणून सोनं तळाला बसतं. ते बसायच्या आत पॅन तिरकी केली की सोनंही रेतीबरोबर वाहून जातं. नवख्यांची चूक नेमकी इथेच होते. थोडी रेती वाहू द्या, पुन्हा सपाट धरून हलवा. शेवटी चमचाभर काळी रेती उरते. ती फेकू नका, सोन्याचे कण त्यातच असतात.