लकव्यानंतरचा दुखरा खांदा: मॅन्युअल थेरपीचे पाच महिने

आधी निकाल सांगतो. रात्रीची कळ गेली, शर्ट न ओरडता चढतो, बगल नीट धुता येते. हाताला ताकद मात्र आली नाही आणि खांद्यातून खाली सरकलेला दंडाच्या हाडाचा गोळाही जागेवर बसला नाही. मॅन्युअल थेरपीकडून, म्हणजे फिजिओने हातांनी केलेल्या उपचाराकडून, पहिल्या तिघांचीच अपेक्षा धरावी. 'हात चालू होईल' असं कुणी सांगत असेल तर ते विकणं झालं.

हा अनुभव इंदूरच्या रामबागेतल्या एका घरातला, फिजिओ घरी येऊन आठवड्याला तीन सिटिंग. पहिला प्रश्न पलंगाचा निघाला. मऊ, मध्ये खड्डा पडलेल्या गादीवर पाठीचं पातं दबून राहतं आणि फिजिओचा हात पोचत नाही. दिवाणखान्यातलं तख्त आणि त्यावर सतरंजी, एवढ्यावर भागलं.

पात्याचं एवढं कौतुक कशाला? हात पूर्ण वर जातो तेव्हा १८० अंशांपैकी साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून आणि ६० पात्याच्या फिरण्यातून येतात. लकव्यानंतर पातं बरगड्यांवर अडून बसतं. अशात नुसता हात वर उचलला की दंडाचं हाड वरच्या हाडावर आपटतं आणि मधला स्नायुबंध चिरडला जातो. म्हणून चांगला फिजिओ पहिली दहा मिनिटं हात वर नेतच नाही. घरच्यांना वाटतं, हा नुसती पाठ चोळतोय.

पद्धत अशी. रुग्ण चांगल्या कुशीवर, दुखरा हात पुढे दोन उशांवर, कोपर अधांतरी नको. फिजिओचा एक पंजा खांद्याच्या टोकावर, दुसरा पात्याच्या खालच्या टोकदार कोपऱ्यावर. पातं आधी वर-खाली, मग पुढे-मागे, शेवटी खालचा कोपरा बगलेकडे ढकलत फिरवायचं. प्रत्येकी १०-१५ वेळा, दोन-तीन फेऱ्या. झटका कुठेच नाही. झटक्याने ताठ स्नायू आणखी आवळतो. पातं सैल झालं की हाताखाली कळतं, दार कुरकुरायचं थांबावं तसं.

मग छातीचा मोठा स्नायू आणि पात्याच्या आतल्या बाजूचा सबस्कॅप्युलारिस. हा दुसरा हाताला सहज लागत नाही, बगलेतून मागच्या भिंतीकडे बोटं सावकाश सरकवावी लागतात. हात पोटाशी आत वळून राहण्यात या दोघांचाच मोठा वाटा. त्यानंतर कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या बाजूला वळवायचा. वर उचलणं सगळ्यात शेवटी, आणि ९० अंशांच्या पुढे तेव्हाच, जेव्हा पातं सोबत फिरतंय आणि दंड बाहेर वळलेला आहे.

सांध्यातलं हाड हाताने हळू सरकवणं म्हणजे ग्लाइड; त्याच्या जोराला फिजिओ मेटलंड यांच्या पद्धतीत चार ग्रेड असतात. दुखणं जास्त असताना १ आणि २, म्हणजे आखडलेपणाला न भिडता हलकं हलवणं. ३ आणि ४ फक्त आखडलेपणासाठी. खांद्याच्या टोकाखाली बोट मावेल एवढा खळगा असेल तर खाली ओढणारा ग्लाइड नकोच. कॅप्सूल, म्हणजे सांध्याभोवतीची पिशवी, आधीच ताणलेली असते. पहिल्या दिवशी हा खळगा न चाचपणारा फिजिओ बदलावा.

आता घात करणाऱ्या गोष्टी. दाराला लावलेली कप्पी-दोरी सगळ्यात वाईट. १९९० च्या एका अभ्यासात कप्पीवर व्यायाम करणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना खांदेदुखी लागली, थेरपिस्टने हात फिरवलेल्यांपैकी ८ टक्क्यांना. रुग्णसंख्या लहान होती, पण कारण वर सांगितलेलंच: दोरीला पातं फिरवता येत नाही. 'उतरलेला खांदा बसवून देतो' म्हणणारे पहलवान टाळा. इथे हाड निखळलेलं नसतं, त्याला धरणारे स्नायू ढिले पडलेले असतात. आणि ऑटोवाले. 'आओ बाबूजी' म्हणत मायेने दुखराच हात ओढतात, दोन आठवड्यांची मेहनत सिंधी कॉलनीच्या वळणापर्यंत पाण्यात. आधार कमरेला द्यायचा, बगलेत हात घालून उचलायचंही नाही.

हात गळ्यात अडकवायची झोळी चालताना आणि उठता-बसताना लावायची, दिवसभर नाही. दिवसभर घातली की हात आत वळूनच आखडतो. बसल्यावर हात मांडीवरच्या उशीवर. शेकाची पिशवी आधी चांगल्या हातावर लावून बघावी, कारण लकव्याच्या बाजूला चटका कळेलच असं नाही.

फरक पहिल्यांदा झोपेत दिसला, तिसऱ्या आठवड्यात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हात बाहेर वळण्यात बरीच सुधारणा, नंतर गाडी अडकली. दिवाळीचे दहा दिवस सिटिंग बंद राहिल्या, तर मिळवलेलं निम्मं गेलं. अशा अडकलेल्या ठिकाणी स्नायूचा ताठरपणाच आडवा येत असेल, तर हाताने जेवढं होईल तेवढं झालेलं असतं; ताठ स्नायू सैल करणाऱ्या बोटॉक्स इंजेक्शनबद्दल न्यूरॉलॉजिस्टना विचारावं. सांध्याला सूज असेल तर स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दलही. पंजा सुजून चकाकायला लागला, रंग बदलला, बोटं हलवताच कळ उठू लागली, तर मालिश आणि सांधा हलवणं थांबवून आधी डॉक्टरांना दाखवा. तो खांदा-पंजा सिंड्रोम असू शकतो आणि त्यात उशीर महागात पडतो.

कपड्यांचंही सांगून ठेवतो, कारण दिवसातून दोनदा खांदा इथेच दुखावतो. घालताना दुखरा हात आधी, बाही गोळा करून थेट खांद्यापर्यंत चढवायची, मग चांगला हात. काढताना उलट, दुखरा शेवटी. डोक्यावरून घालायचा झब्बा आणि बंद गळ्याचा बनियन पेटीत ठेवा. पुढून बटणांचा, एक माप मोठा बुशशर्ट बरा.