भोक पाडलेला माल परत घेतला जाणार नाही

सांगलीत विश्रामबागेतील घराच्या पडवीत एक लहान लेथ, म्हणजे लाकूड फिरवत घडवण्याचे यंत्र, मांडून मी लाकडी पेने बनवतो आणि त्यावरच माझा चरितार्थ चालतो. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका विक्रेत्याने फोनवरून वाळलेल्या शिसवी लाकडाचे ठोकळे देऊ केले. ते 19 मिमी चौरस आणि 130 मिमी लांब असून भाव नगाला 45 रुपये होता. नमुन्यादाखल त्याने 10 ठोकळे पाठवले आणि ते अस्सल होते; भोक पाडताना जांभळट तपकिरी भुसा पडला आणि त्यांची पेने उत्तम झाली. मग दिवाळीच्या मागणीसाठी मी 200 ठोकळ्यांचे 9,000 रुपये यूपीआयने आगाऊ भरले. बिलाच्या खाली बारीक अक्षरांत एक अट होती, ती म्हणजे या लेखाचे शीर्षक. ती मी वाचली आणि रास्तही मानली.

माल आला तेव्हा प्रत्येक ठोकळा चारही बाजूंनी मेणाने माखलेला होता. टोकांना मेण लावणे ही व्यवसायातील जुनी पद्धत आहे, कारण लाकूड टोकांकडून लवकर वाळते आणि तडकते. पण वाळलेल्या लाकडाला अंगभर मेण कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. स्वयंपाकघरातील काट्यावर पाच-सहा नग तोलले, तर वजन 39 ते 40 ग्रॅम भरले, म्हणजे नमुन्याइतकेच. त्या वजनानेच माझा घात केला. हलक्या जातीचे लाकूड पुरेसे ओले असले, की ते सुक्या शिसवीइतकेच भरते.

सडपातळ पेनाच्या पितळी नळीसाठी 7 मिमीचे भोक लागते. ठोकळा मधोमध कापून त्याचा अर्धा भाग लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, धरायचा, समोरच्या टेलस्टॉकमधील (न फिरणाऱ्या आधारातील) ड्रिल बिट 10-12 मिमी आत घालायचे, मागे घेऊन भुसा झाडायचा आणि पुन्हा आत घालायचे. सुक्या कठीण लाकडाचा भुसा बिट मागे घेताच खाली सांडतो. इथे तो बिटाच्या नागमोडी खाचांत भिजवलेल्या कणकेसारखा चिकटून बसत होता, काडीने उकरून काढावा लागत होता, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी भोकातून वाफेची बारीक रेघ निघत होती. बिट बोथट झाले असेल असे समजून मी नवे लावले. भुसा फिकट दिसला, तेव्हा कडेचे पांढरे लाकूड आले असेल अशी स्वतःचीच समजूत घातली. घाई होती, म्हणून चार दिवसांत 137 ठोकळे कापून त्यांना भोके पाडून मोकळा झालो.

पाचव्या दिवशी नळ्या आत जाईनात. व्हर्निअर लावून पाहिले, तर 7 मिमीचे गोल भोक एका अंगाने 6.9 आणि दुसऱ्या अंगाने 6.8 मिमी झाले होते. लाकूड वाळताना सगळीकडून सारखे आकसत नाही, त्यामुळे भोक लंबगोल होते. पहिल्याच दिवशी ज्या आठ तुकड्यांत नळ्या चिकटवल्या होत्या, ते तर आठवड्याभरात उभे चिरले. पितळ आकसत नाही आणि लाकूड आकसल्यावाचून राहत नाही.

एक तुकडा घेऊन मी मिरजेतील ओळखीच्या सतारमेकरांकडे गेलो. त्यांनी तो आडवा कापला. बाहेरचा जेमतेम एक मिलिमीटर थर काळसर होता आणि आत सगळे पिवळट पांढरे. “काका, हे रंगात बुडवलेलं लाकूड आहे. आणि ओलंही आहे,” एवढेच ते म्हणाले. घरी येऊन मी भोक न पाडलेल्या एका ठोकळ्याचे मेण खरवडले, त्याचे बारीक तुकडे केले आणि ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या किंचित वर, वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवले. 40 ग्रॅमचे 29 ग्रॅम झाले, म्हणजे सुक्या लाकडाच्या वजनाच्या 38 टक्के पाणी. पेनासाठी ते 10-12 टक्क्यांच्या वर नको.

विक्रेत्याने फोनवर ती अट शांतपणे वाचून दाखवली. ज्या मालाचा दोष भोक पाडल्यावाचून दिसतच नाही, त्याच्यावर अशी अट घालणारा माणूस माल काय आहे हे पुरते जाणून असतो, असे माझे मत झाले आहे. म्हणून कोणी असा माल घेणार असेल, तर पार्सल उघडण्यापासून सलग चित्रण करावे, गठ्ठ्याच्या तळातून दोन-तीन नग निवडून ते आडवे कापावेत, एकालाच भोक पाडून आठवडाभर थांबावे आणि तोवर बाकीच्या नगांना हात लावू नये. शिसवी म्हणून विकलेले लाकूड दुसरेच निघाले, तर ते कापल्यावर कळले एवढ्यावरून गप्प बसू नये.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करत आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, आणि स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी केलेली खरेदी व्यापारी समजून वगळली जात नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. उरलेले 62 ठोकळे मेण खरवडून माळ्यावर रचले आहेत. त्यांतील खूण केलेला एक दर रविवारी तोलतो. गेल्या रविवारी तो 36 ग्रॅम भरला, आणि उतरणे अजून थांबलेले नाही.