आयन नेणारे रेणू: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी वाहक घ्यावा की चॅनेल?

पेशीपटलातून क्लोराइड हा आयन (विद्युतभार असलेला कण) नेणारा कृत्रिम रेणू बनवायचा ठरवलेल्या ठाणे-नवी मुंबईच्या मुलांपुढे पहिला प्रश्न हाच येतो. हाती एकच सत्र असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: वाहक घ्या.

फरक ठाणे खाडीवरच दिसतो. वाहक म्हणजे होडी: आयन घेऊन पेशीपटलातला लिपिडचा (स्निग्ध रेणूंचा) थर ओलांडते, पलीकडे उतरवते, परत येते. चॅनेल म्हणजे वाशीचा पूल. वेगात पुलाला तोड नाही. निसर्गातल्या ग्रॅमिसिडिनच्या एका चॅनेलमधून सेकंदाला सुमारे १ कोटी आयन जाऊ शकतात. व्हॅलिनोमायसिन हा वाहक १० हजारांच्या आसपास नेतो. निवडीत मात्र तो फार काटेकोर आहे. त्याला सोडियमपेक्षा पोटॅशियम हजारो पटींनी जवळचं. ग्रॅमिसिडिन दोघांनाही जाऊ देतं.

बनवायलाही वाहक सोपा. तीन हातांच्या ‘ट्रेन’ या अमाइनवर आयसोथायोसायनेट घातलं की एकाच पायरीत क्लोराइड धरणारा थायोयुरिया मिळतो. चॅनेलसाठी सुमारे ४ नॅनोमीटरचा थर पार करणारी रचना लागते. म्हणजे पायऱ्या वाढल्या, शुद्धीकरणाचे कॉलमही वाढले.

खरी कसोटी मोजमापात लागते. लिपोसोममध्ये, म्हणजे लिपिडच्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये, ल्युसिजेनिन हे क्लोराइडने मंदावणारं चमकतं रंगद्रव्य भरा, बाहेर क्लोराइड घाला, मग डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेला आपला रेणू सोडा. क्लोराइड आत शिरू लागलं की हिरवी चमक उतरत जाते आणि फ्लुरोमीटरवरची रेघ खाली वळते. ते पाहताना फार आनंद होतो! एचपीटीएस या रंगद्रव्यावर एकट्यावर मात्र विसंबू नका. ते क्लोराइड नव्हे, पीएच सांगतं, आणि थायोयुरिया असलेले काही वाहक प्रोटॉनची ये-जाही घडवतात.

रेणू चॅनेलच आहे हे सिद्ध करणं त्याहून जड. डीपीपीसी या लिपिडचा थर ४१ अंश सेल्सिअसखाली घट्ट होतो; तिथे वाहक बहुतेक अडतो, चॅनेल चालू राहू शकतो. पण एवढ्याने परीक्षक मानत नाहीत, एकेका चॅनेलचा विद्युतप्रवाह मागतात. त्याला पातळ लिपिड थर, संवेदनशील ॲम्प्लिफायर आणि कंपनं शोषणारं टेबल लागतं. रुळांलगतच्या इमारतीत तर लोकल गेली तरी आलेखावर गोंधळ दिसू शकतो.

पीएचडीचा विचार पक्का असेल आणि पुण्याच्या आयसरसारख्या (विज्ञान संशोधन संस्थेसारख्या) ठिकाणी जायची तयारी असेल, तर चॅनेल जरूर घ्या. तिथे तो वेळ सत्कारणी लागेल.