बोक्याचा ड्रोन की पेट्रोलची उडती बाइक?

नेदरलँड्सचे कलाकार बार्ट यान्सन यांचा बोका गाडीखाली गेला. त्याचं नाव ऑर्व्हिल, विमानाच्या जनकांपैकी ऑर्व्हिल राइट यांच्यावरून ठेवलेलं. २०१२ मध्ये यान्सन यांनी त्याच्या जतन केलेल्या देहाच्या चार पायांना चार पंखे लावले आणि तो चक्क उडाला! चार वर्षांनी इंग्लंडच्या कॉलिन फर्झ या पूर्वाश्रमीच्या प्लंबरने पॅरामोटरची (पॅराग्लायडरच्या पाठीवर बांधायच्या पंख्याची) दोन इंजिनं सांगाड्याला पुढे-मागे जोडून उडती बाइक बनवली.

ऑर्व्हिल बॅटरीवर उडाला, बाइक पेट्रोलवर. दोन्हींत पेट्रोलचं पारडं एकाच बाबतीत जड आहे. किलोमागे लिथियम बॅटरीच्या कैक पट ऊर्जा त्यात असते, आणि माणूस उचलायचा तर ती कामी येते. पण खरी गोम आहे तोल सांभाळण्यात. चार पंख्यांचा ड्रोन जरा कलला की जायरो (कलणं मोजणारा सेन्सर) ते टिपतो आणि कंट्रोलर सेकंदाला शेकडो वेळा प्रत्येक मोटरचा वेग कमी-जास्त करतो. विजेची मोटर लगेच ऐकते. पेट्रोल इंजिन थ्रॉटल दिल्यावर क्षणभर रेंगाळतं. तेवढ्यात बाइक झुकलेली असते. मग सगळी भिस्त स्वाराच्या अंगावर, तीही फिरत्या पात्यांच्या मधोमध उभं राहून.

ऑर्व्हिलची अडचण साधी: कातड्याचं फुकट वजन, वाऱ्याला अडणारा आकार, मिनिटांत संपणारी बॅटरी. तरी घरी काही करून बघायचं असेल तर मी चार मोटरींचीच वाट सुचवेन. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आपल्याकडे २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला रिमोट पायलटचं प्रमाणपत्रही लागत नाही.