क्वीअर-अफर्मेटिव्ह समुपदेशन ऑनलाइन: चाळीसगावातून सात-आठ महिन्यांचा अनुभव

मी गे आहे, तिशी ओलांडलेला. पुण्यातल्या एका क्वीअर-अफर्मेटिव्ह, म्हणजे गे असणं हा दोष न मानणाऱ्या, समुपदेशक ताईंशी दर आठवड्याला व्हिडिओ कॉलवर बोलत आलोय. त्याआधी इकडच्याच एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी झोपेच्या गोळीसोबत "लग्न करून टाका, सगळं मार्गी लागेल" हेही दिलं. गोळी लागू पडली.

ताईंनी पहिल्या भेटीत विचारलं ते झोप कधीपासून उडाली. गे कधीपासून, हे नाही. उपचार धडधडीवर, घरातल्या घरात सतत सावध राहण्यावर. कानबाईच्या रोटांना, म्हणजे आमच्या खानदेशातल्या सणाला, भाऊबंद जमले की माझ्या लग्नाचा विषय निघणारच. ताई म्हणाल्या, स्पष्ट नाही म्हणा. पुण्यात जमत असेल. इथे नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी काका आणखी एका मुलीचा फोटो घेऊन हजर. तसं सांगितल्यावर त्यांनी हट्ट धरला नाही. कुणाला किती सांगायचं ते आम्ही एकेक माणूस घेऊन ठरवलं. मोठ्या बहिणीला सांगून झालंय. आईला नाही, आणि त्यासाठी ताईंनी एकदाही रेटलं नाही. माझ्या लेखी याचीच किंमत सगळ्यात जास्त.

अडचण जागेची. घरात बोलणं अशक्य, म्हणून पाटणादेवीच्या रस्त्याला गाडी लावून बसतो. रेंज गेली की रडणंही अर्धवट. शिवाय राग आला की मी अहिराणीत शिरतो, ती ताईंना कळत नाही. मराठीत पुन्हा सांगेपर्यंत राग निवलेला असतो.

कुणाकडेही जाण्याआधी फोनवरच विचारा: "गे असणं बदलता येतं असं तुम्ही मानता का?" उत्तर हो आलं तर फोन ठेवा. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्येच हा आजार नाही असं जाहीर केलंय, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कन्व्हर्जन थेरपी, म्हणजे गे माणसाला "बदलण्याचे" उपचार, डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करता येत नाही, आणि तुमची माहिती गुप्त ठेवावीच लागते. आपल्याकडे दवाखान्यात अर्धं गाव ओळखीचं असतं, म्हणून हे शेवटचं आधी बोलून घ्या.

रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीतही. समुपदेशकांची फी कमी होते, पण तोंड उघडून विचारावं लागतं. झोप बरीच सुधारली आहे. आता पंधरा दिवसांतून एकदा बोलायचं ठरलंय.